एका दिवशी तीन कागद

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागितला आणि मागोमाग एक फॉर्म पाठवला. नाव, वय, मूळ गाव, आणि त्याखाली 'शैक्षणिक पात्रता'. लेख मागताना हे काही बोलल्या नव्हत्या. मी लगेच फोन लावला. म्हटलं, "बाई, हे कशाला पाहिजे तुम्हाला?"

"चाचा, लेखकाचा परिचय छापतो ना आपण."

"आधी लेख वाचा, मग माझी पात्रता तुम्हीच ठरवा."

त्या हसल्या. मी नाही हसलो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची शैक्षणिक पात्रता तपासण्यात गेली आहेत माझी. असा रकाना कोण कशासाठी ठेवतो ते मला कळतं. तो कोरा ठेवून फॉर्म परत पाठवला आहे. का कोरा ठेवला, ते शेवटी सांगतो.

माझं नाव रशीद. शारजाच्या नहदा वस्तीत मला रशीदचाचा म्हणतात. गाव रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचं. शाळा चौथीपर्यंत, पुढे होडी. इथे शारजात दुबईच्या हद्दीला लागून एक टायपिंग सेंटर आहे, तिथे मी टेबल लावून बसायचो. टायपिंग सेंटर म्हणजे व्हिसाचे, लेबरचे, भाड्याच्या कराराचे अर्ज अरबीत टाइप करून मिळतात ते दुकान. मला टाइप करायला येत नाही. माझ्याकडे सर्टिफिकिटं यायची.

त्याचं असं आहे. या देशात चांगल्या हुद्द्याची नोकरी मिळाली तर नुसती डिग्री दाखवून भागत नाही. ती डिग्री जिथून आली तिथल्या सरकारचा शिक्का तिच्या पाठीवर लागतो, मग दिल्लीचा, मग या देशाच्या वकिलातीचा, आणि शेवटी इथल्या मंत्रालयाचा. चार ठिकाणी फिरून कागद येतो तेव्हा पुढून डिग्री असते आणि मागून पोलीस ठाण्याच्या रजिस्टरासारखा दिसतो. या फेरीला वेळ लागतो, खर्च लागतो. म्हणून कंपन्या खर्च करायच्या आधी फाइल माझ्याकडे पाठवायच्या. चाचा, जरा बघा. मी बघायचो. कागद पटला तर काही लिहायचो नाही. नाही पटला तर फाइलच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक ठिपका. एवढाच. ठिपका असलेल्या फाइलवर कंपनी एक फिल, म्हणजे इथला एक पैसाही, खर्च करत नसे.

लोक विचारतात, चौथी शिकलेला माणूस इंग्रजी डिग्री कशी तपासतो? अहो, वाचणारा फसतो. त्याला मोठमोठे शब्द दिसतात. मला कागद दिसतो. खऱ्या डिग्रीला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. तिला घडी असते, कारण ती कधीतरी बापाच्या शर्टाच्या खिशातून गेलेली असते. तिच्यात चूक असते. नावात एखादं अक्षर कमी, नाहीतर बापाचं नाव आडनावाच्या जागी, कारण विद्यापीठातल्या कारकुनाला दिवसाला पाचशे लिहायच्या असतात. खोटी डिग्री छापणाऱ्याला एकच लिहायची असते, तो नीट लिहितो. आणि खोट्या डिग्रीत कधी थर्ड क्लास नसतो. खोटंच घ्यायचं तर थर्ड क्लास कोण घेईल?

माझी सगळ्यात मोठी खूण होती लॅमिनेशन. पोरगा पास झाला की आपल्याकडे घरचे आनंदाने डिग्री प्लास्टिकमध्ये घालून आणतात. पुढे तो नोकरीला इथे आला की वकिलात सांगते, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, काढून आणा. मग तो रडवेला होऊन माझ्याकडे. माझ्या डोक्यावर एक केस नाही, पण टेबलावर कायम हेअर ड्रायर असायचा. कोपऱ्यापासून गरम हवा द्यायची, नखाने पापुद्रा उचलायचा, पुन्हा हवा. घाई केली की प्लास्टिकबरोबर अक्षरं निघतात. असे किती कागद सोलले त्याला मोजदाद नाही. आणि माझ्या मनाने घेतलं, की ज्याचा कागद लॅमिनेट आहे तो खरा. खोट्या कागदाचा अभिमान कुठल्या आईला असणार?

ही अक्कल मी चहावाल्याकडे बसून चारचौघांत बोललो. तिथेच चुकलो. सहा महिन्यांनी एक सिव्हिल सुपरवायझर आला. डिग्री लॅमिनेट केलेली, आत हळदीचा डाग. म्हणाला, "चाचा, आईने देव्हाऱ्यात ठेवली होती." माझे डोळे भरून आले. मी स्वतः सोलून दिली, पैसेसुद्धा घेतले नाहीत. पुढे विद्यापीठाचं पत्र आलं, या नंबरचा विद्यार्थी आमच्याकडे नाही. हळद त्याने स्वतः लावली होती. कंपनीचा माणूस माझ्यावर ओरडला तो ओरडला, पण मला जास्त लागलं ते हे, की मला रडवायला एक चिमूट हळद पुरली.

तेव्हापासून मी कुणावर विश्वास ठेवला नाही. संत्री घेतानासुद्धा पेटी उलटी करून खालची बघतो.

आता कागदांची तऱ्हाही बदलत गेली, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. मी बसायला लागलो तेव्हा माणसाला एक कागद असायचा. बी.ए., बी.कॉम., फार तर आयटीआय. एक माणूस, एक कागद. मग डिप्लोमे आले. मग ज्याला बघावं तो एम.बी.ए. आणि अलीकडे छोटे कागद सुरू झाले. सहा महिन्यांचा, एक वर्षाचा. अमेरिका-कॅनडातून परत आलेल्यांकडे तर गड्डीच. तिकडे म्हणे सरकारी कॉलेजं असतात, आपल्या तालुक्याच्या ठिकाणी असावीत तशी. कम्युनिटी कॉलेज म्हणतात. तिथे पोरंटोरंही जातात, लेकुरवाळ्या बायकाही जातात, ड्रायव्हरही संध्याकाळी जातात. दोन वर्षांची एक डिग्री मिळते, ती आपल्या डिग्रीपेक्षा लहान, आणि तिच्या खाली छोटी छोटी सर्टिफिकिटं. मला हे पसंत नव्हतं. कागद लहान झाला की खोटा करणं सोपं होतं.

दोन वर्षांपूर्वी दुबईतल्या जबल अलीच्या एका कोल्ड स्टोअर कंपनीची फाइल आली. मासळी, मटण, गोठवलेला वाटाणा साठवणारी कंपनी. तिथले मॅनेजर कुरियनसाहेब माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना थंडीची यंत्रं सांभाळायला सुपरवायझर हवा होता. फाइलवर नाव बाईचं. मेघना साठे. पुण्याची बी.ए., विषय इतिहास. ती डिग्री मी बोटाने चाचपली, कडेला जुन्या प्लास्टिकचा चिकटा होता, नावात 'साठे'चं भलतंच काहीतरी झालेलं होतं. एकदम खरी. त्याच्या खाली अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजचे तीन कागद. पहिला शीतयंत्रांचा, सहा महिन्यांचा. दुसरा विजेच्या कंट्रोल पॅनेलचा, एक वर्षाचा. तिसरी ती दोन वर्षांची डिग्री.

तिन्हींवर तारीख एक. तिन्हींवर सह्या त्याच दोन, आणि त्या शाईच्या नाहीत, छापलेल्या. घडी नाही, वास नाही, चूक नाही.

मी मनात म्हटलं, इतिहासाची बाई, एका दिवशी तीन ठिकाणी पास. छापखान्यात गेली असेल आणि म्हणाली असेल, तीन द्या. मी पेन्सिल उचलली आणि ठिपका मारला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

चौथ्या दिवशी ती आली. पस्तिशीची, पाठीवर सॅक, केस घट्ट बांधलेले.

"रशीदचाचा तुम्हीच?"

"बसा."

"बसायला नाही आले. हा ठिपका तुम्ही मारलात?"

"ठिपका कंपनीसाठी असतो. उमेदवाराला दाखवायचा नसतो."

"कुरियनसाहेबांनी दाखवला. म्हणाले, रशीदचाचाने लाल केलं म्हणजे खलास."

खोटं कशाला लिहू, मला ऐकून बरं वाटलं. म्हटलं, "एका दिवशी तीन परीक्षा पास झालात?"

"परीक्षा अडीच वर्षं देत होते. कागद एका दिवशी आले."

"का?"

"ते तसेच देतात."

"कोण देतं तसं? मी पस्तीस वर्षं बघतोय."

ती खुर्ची ओढून बसली. सांगायला लागली. नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. इतिहासाला तिथे कोण विचारतो? घराजवळ हे कॉलेज होतं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी एक फुटलेला कंप्रेसर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, खोल. "आणि चाचा, मला ते आवडलं. एवढंच झालं."

तिने मान वर करून भिंतीकडे कान दिला. म्हणाली, "तुमच्या एसीचा कपॅसिटर जायला आलाय. आवाज ऐका. आठवडाभर काढेल."

"बाई, एसी दुरुस्त करणारे या गल्लीत सात आहेत. एकाकडेही सर्टिफिकिट नाही. काम येतं म्हणून कागद खरा होत नाही. मी कागद बघतो."

"मग कागदावर कॉलेजचा फोन नंबर आहे. लावा."

"खोटा कागद छापणारा नंबरही आपल्या घरचाच छापतो."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आवाज चढवला नाही, तेच मला आजही टोचतं. "माझा व्हिजिट व्हिसा आहे. एकवीस दिवस राहिलेत. नवऱ्याची तिकडची नोकरी गेली, तो पुण्यात घरी बसलाय. साडेचार वर्षांची मुलगी घेऊन मी इथे भावाच्या हॉलमध्ये झोपते. ही नोकरी लागली तर आम्ही तिघं एका घरात राहू. तुम्हाला पटेल तिथून नंबर शोधा. पण शोधा."

मी नाही शोधला. खरं लिहितो आहे. मला वाटलं, हीसुद्धा हळदच.

ती येऊन गेली त्याच्या सहाव्या दिवशी एसी बंद पडला. मेकॅनिक स्टूलवर चढला, झाकण काढलं आणि म्हणाला, "चाचा, कपॅसिटर गया." सेंटरच्या मालकाने माझ्याकडे बघितलं, कारण ती आली तेव्हा तो तिथेच होता. मी म्हटलं, "एसीचा नेहमी कपॅसिटरच जातो." आणि घाम पुसत बसलो.

दहाव्या दिवशी दुसऱ्या कंपनीची फाइल आली. पंजाबी पोरगा, कॅनडातलं कॉलेज, दोन सर्टिफिकिटं आणि एक डिप्लोमा. तिन्हींवर तारीख एक. मी पेन्सिल उचलली आणि थांबलो. त्याच आठवड्यात आणखी एक. फिलिपिनो बाई, अमेरिकेचंच पण दुसऱ्या टोकाचं कॉलेज. एका दिवशी दोन कागद.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. एका कागदात विचित्र काही दिसलं तर ती लबाडी असते. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांच्या कागदांत तोच विचित्रपणा दिसला, तर ती तिकडची रीत असते. तीन छापखाने एकच चूक करत नाहीत. हे मला त्या दिवशी कुणी शिकवलं नाही, मला आधीपासून माहीत होतं. तरी मी आणखी दोन दिवस घालवले. त्याचं कारण माझ्याकडे नाही. असेल तर ते चांगलं नाही.

माझी नात सना इथेच शाळेत आहे, अकरावीत. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिला बसवलं. म्हटलं, कागदावरचा नंबर नको, तिकडच्या सरकारच्या यादीत हे कॉलेज आहे का बघ आणि तिथून नंबर काढ. "नाना, यू आर सो पॅरानॉइड," म्हणाली. मी अर्थ विचारला नाही. यादीत कॉलेज होतं. नंबर कागदावरचाच होता.

आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडे सकाळ. फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक बाई, आवाजावरून माझ्याच वयाची. सना बोलायला लागली आणि मधेच माझ्याकडे वळली. "नाना, शी इज आस्किंग, हू आर यू?"

"सांग, शारजाचे रशीदचाचा."

सनाने डोळे फिरवले आणि काहीतरी बरं सांगितलं. त्या बाईने नाव घेतलं, कंप्युटरमध्ये बघितलं. हो. मेघना साठे. तीन. त्याच तारखेचे.

"विचार, एका दिवशी तीन का?"

ती बाई बराच वेळ बोलली. सना ऐकत होती, मग मला जमेल तशा मराठीत सांगितलं. "नाना, पूर्वी सर्टिफिकेट पाहिजे तर अर्ज करायला लागायचा. मुलं करायचीच नाहीत. खूप जण मधेच कॉलेज सोडून जायचे, जॉब लागला, बेबी झालं, मग हातात काहीच नाही. आता कंप्युटर बघतो, कोण किती शिकलं. जेवढं शिकलं तेवढ्याचा कागद ते स्वतःच देतात. हिची डिग्री पूर्ण झाली तेव्हा मागचे दोन पण काउंट झाले, म्हणून सगळे एकत्र. शी सेज, आता त्यांच्याकडे स्टुडंटपेक्षा सर्टिफिकेट जास्त निघतात."

"मागितलं नाही तरी देतात?"

सनाने विचारलं. पलीकडची बाई हसली आणि तिने एकच वाक्य सांगितलं. सना म्हणाली, "म्हणते, तुम्ही शिकलात ना, मग ते तुमचंच आहे."

मी उठून गॅलरीत गेलो. समोर दुबईकडे जाणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. चार वर्षं मीही शाळेत गेलो होतो. चौथीच्या मास्तरांनी मला पाढ्यात पहिला काढलं होतं. पाचवीच्या सुरुवातीला बाप गेला आणि मी होडीवर गेलो. शाळेचा दाखला मागायला कुणी गेलं नाही आणि शाळेने आपणहून काही दिलं नाही. जेवढं शिकलो तेवढ्याचा कागद. असं काही जगात असू शकतं, हेच मला पटत नव्हतं. त्या तीन कागदांत मी छापखाना बघितला तो त्यामुळे की काय, ते मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नहदातून जबल अलीला कामगार नेणाऱ्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. कुरियनसाहेब केबिनमध्ये होते.

"अरे चाचा, आप? यहाँ?"

म्हटलं, "साहब, वो साठे बाई की फाइल. मेरा ठिपका गलत था."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतो. "चाचा का ठिपका कभी गलत होता है क्या?"

"हुआ. फाइल दीजिए."

फाइल आली. मी खिशातलं रबर काढून त्यांच्यासमोर ठिपका खोडला. लाल गेलं, पण दाबून मारला होता, कागदावर खळगा राहिला. कुरियनसाहेब गंभीर झाले. म्हणाले, "लेकिन चाचा, आपने लाल किया तो मैंने दूसरा आदमी ले लिया. परसों जॉइन हुआ."

"बाई खरी है साहब. मशीन की आवाज सुनके बीमारी बताती है."

"अगली जगह निकलेगी तो पहले उसको बुलाऊँगा. इन्शाल्ला."

या इन्शाल्लावर मी इथे पस्तीस वर्षं काढली आहेत. त्याचं वजन मला माहीत आहे.

तिला फोन केला. सगळं सांगितलं, कॉलेजला फोन केला तेही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "किती दिवस लागले तुम्हाला?"

"चौदा."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. एकविसाव्या दिवशी ती मुलीला घेऊन पुण्याला गेली.

मी कुरियनसाहेबांना दर सोमवारी फोन करायचो. ते वैतागले. "चाचा, आपकी बेटी है क्या?" म्हटलं, नाही, माझी चूक आहे. चार महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, त्यांचा माणूस सोडून गेला आणि वाटाण्याचं एक अख्खं कोठार वितळायला आलं. तेव्हा साहेबांनी स्वतः पुण्याला फोन लावला.

तिचे कागद वॉशिंग्टनहून शिक्के मारून आले. इथला शेवटचा शिक्का मी स्वतः जाऊन आणला. ती कागद घ्यायला आली तेव्हा मुलगी बरोबर होती, नवरा खाली गाडीत. मी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. तिने पाठी तपासल्या, एकेक शिक्का बघितला. मला आवडलं ते.

"चाचा, आता एक कागद तुम्ही द्या."

"कसला?"

"तुमचा. काय केलंत ते लिहा आणि सही करा."

"कंपनीला द्यायला? कुरियनसाहेबांना मराठी येत नाही."

"कंपनीला नाही. मला पाहिजे. जेवढं चुकलात तेवढ्याचा कागद."

पस्तीस वर्षं मी कुणाच्या कागदावर एक अक्षर लिहिलं नाही, ठिपक्यापुढे गेलो नाही. ज्याची सही सापडते तोच अडकतो, हे मला पक्कं ठाऊक. मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मुलगी टेबलावरच्या हेअर ड्रायरशी खेळत होती.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. 'मी रशीद, राहणार नहदा, शारजा. मेघना साठे यांचे कागद नीट न बघता लाल ठिपका दिला. कागद खरे होते. चौकशी करायला चौदा दिवस लावले. त्यामुळे त्यांचे चार महिने गेले. चूक माझी.' सही केली. तिने वाचला.

"तारीख राहिली."

तारीख घातली.

ती कागद घेऊन कोपऱ्यातल्या लॅमिनेशनच्या मशीनकडे गेली. मी ओरडलो, "अगं नको, मग त्यावर शिक्का बसत नाही!"

"यावर कोण शिक्का मारणार आहे?" म्हणाली आणि मशीनवरच्या पोराला पाच दिरहम दिले. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये झाले, एका माफीचे.

कागद मशीनच्या दुसऱ्या बाजूने गरम गरम बाहेर आला. मी हात पुढे केला, तिने दिला. सवयीने उजेडाकडे धरला. सही शाईची. एका बाजूला बोटाचा डाग. 'चौकशी'चा च आणि 'महिने'ची वेलांटी चुकलेली. मी तो परत दिला आणि म्हटलं, "खरा आहे."

मी काय शिकलो ते सांगणारा माझ्या नावाचा तेवढा एकच कागद या जगात आहे, आणि तो जबल अलीला दुसऱ्याच्या घरी आहे. रकाना कोरा आहे तो म्हणून.